क्रेट डेअरीचा, संशय मात्र वस्तीवर

बारामती-इंदापूर हा दुधाचा पट्टा. डेअऱ्यांची नावे छापलेले प्लास्टिकचे क्रेट इथे कुठे दिसत नाहीत? किराणा दुकानात सामान त्यात, टपरीवर गिऱ्हाईक त्यावर बसलेले, आठवडे बाजारात भाजीही त्यावरच मांडलेली. कुणी पावती मागत नाही. तोच क्रेट भंगार वेचणाऱ्या मातंग बाईच्या गाड्यावर किंवा पारध्यांच्या पालावर दिसला की ‘चोरीचा माल’ होतो.

क्रेट डेअरीची मालमत्ता आहे, यावर वाद नाहीच. वाद आहे तो पुरावा कुणी द्यायचा, याचा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(२) खाली (जुने भादंवि ४११) माल चोरीचा होता आणि बाळगणाऱ्याला ते ठाऊक होते किंवा तसे मानायला कारण होते, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२४ बघा. माल चोरीचा असावा असे मानायला कारण दिसले की तो कुठून आला याचा समाधानकारक खुलासा बाळगणाऱ्यानेच करायचा. आता उकिरड्यावर बिलबुक कोण ठेवतो?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत तर दुधाच्या क्रेटसाठी खास कलम ५६५ आहे. परवानगीविना बाळगला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पण तिथे निदान क्रेटवर नोंदणीकृत छाप असावी लागते. आपल्याकडे ‘मानायला कारण’ म्हणजे पुष्कळदा आडनाव आणि वस्ती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर तीच राहिली. मग संविधानाचे कलम १४ कुणासाठी? (टपरीवाल्यालाही आत टाका, असे मी म्हणत नाही. त्याचेही पोट हातावरच आहे.)

डेअऱ्यांना क्रेटची एवढी काळजी असेल, तर दुकानदाराकडून अनामत घ्या आणि क्रेट परत आणून देणाऱ्याला रोख पैसे द्या. आज जिच्यावर संशय घेता, तीच बाई गावभरचे क्रेट गोळा करून आणेल.

कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या कुणाला असे उचलले तर नुसती घोषणाबाजी करून परतू नका. डेअरीची तक्रार आहे का, कोणत्या तारखेची, किती क्रेट हरवल्याची, हे विचारा. पंचनाम्याची नक्कल मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस का दिली नाही, ते लेखी विचारा. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला जाताना जातीचा दाखला सोबत घ्या.