खड्ड्यांचे कंत्राट

पावसाळा आला की मुंबई महानगरपालिका खड्डे बुजविण्याची कंत्राटे देते, आणि बुजविलेले खड्डे पुढील सरीत पुन्हा तोंड उघडतात. दोष पावसावर ढकलण्याची प्रथा आहे. वस्तुतः डांबराचे वैर साचलेल्या पाण्याशी. ते फटींतून खडीच्या थरात शिरते आणि वाहनांच्या दाबाखाली डांबराची पकड सोडविते. उतार व गटारे न सुधारता वरवर केलेली मलमपट्टी ही पुढच्या कंत्राटाचीच बेगमी होय!

हमीच्या मुदतीत रस्ता उखडला तर बांधणाऱ्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. मग खड्ड्याचे देयक मंजूर करताना ती मुदत कोण पाहतो? प्रत्येक रस्त्यावर कंत्राटदाराचे नाव व हमीची तारीख लिहिलेला फलक लावावा; येणारा-जाणारा नागरिकच ती पाहील.

खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी असेही बजावले. भरपाई तिजोरीतून गेली आणि वसुली फायलीत निजली, तर दंड मृताच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच भरला असे होईल. पहिली वसुली कोणाकडून झाली, हे महापालिकेने नावानिशी प्रसिद्ध करावे.