कोर्टाची पायरी चढणाऱ्या बहिणीसाठी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधाच्या भांडणाला ती ठीक असेल. पण मारहाणीला कंटाळून दोन मुलांसह माहेरी आलेल्या बाईला जेव्हा हीच म्हण ऐकवली जाते, तेव्हा तिचा अर्थ एवढाच उरतो की, तू गप्प बस.

प्रभू येशूने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातली विधवा पुन्हा पुन्हा न्यायाधीशाच्या दारात जाते. तो न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसांचीही पर्वा करत नाही. तरी ती थकत नाही, आणि शेवटी तिला न्याय मिळतो. हा दृष्टान्त सतत प्रार्थना करण्याविषयी आहे, हे आपण जाणतोच. पण त्यासाठी प्रभूने निवडलेली बाई कोर्टात खेटे घालणारी आहे, आणि तिला त्याने एका शब्दानेही दोष दिलेला नाही.

आम्ही बेळगावच्या एका पॅरिशमध्ये कॅटेकिझमचे वर्ग घेणारी माणसे आहोत, वकील नाही. पण मोडलेल्या घरातली मुले आमच्याच बाकांवर बसतात. पहिल्या कम्युनियनच्या फॉर्मवर वडिलांची सही कोण आणणार, हा प्रश्न आमच्याच टेबलावर येतो. म्हणून आमचे मत स्पष्ट मांडतो: ज्या बहिणीला किंवा भावाला कोर्टात जावेच लागते, त्याच्या मागे पॅरिशने उभे राहिले पाहिजे. विवाह संस्काराचा मान राखण्याचाच तो एक भाग आहे.

विवाह आयुष्यभराचा आहे, ही प्रभूची शिकवण मत्तय १९ मध्ये आहे आणि तिच्यात आम्ही काही कमी-जास्त करत नाही. पण अर्धी शिकवण सांगून चालत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातले ११५३ वे कलम म्हणते की, जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याला रास्त कारण आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २३८३ त्याही पुढे जातो. कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा मालमत्तेचे रक्षण यांसाठी सरकारी घटस्फोट हाच एक मार्ग उरला असेल, तर तो घेणे नैतिक अपराध ठरत नाही. आणि घटस्फोट झाला पण दुसरे लग्न केले नाही, अशा व्यक्तीला केवळ त्या घटस्फोटामुळे कम्युनियनची मनाई होत नाही. तरीही कित्येक बायका स्वतःहून मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि रांगेत उभ्या राहत नाहीत. त्यांना कोणीतरी हे सांगायला हवे.

आता सरकारी कायद्याकडे वळू. आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. इंग्रजांच्या काळापासून २००१ पर्यंत त्यात उघड अन्याय होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, पण बायकोला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा टाकून जाणेही सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने कारणे दोघांना सारखी झाली. क्रूरता आणि निदान दोन वर्षे टाकून जाणे ही आता स्वतंत्र कारणे आहेत. परस्पर संमतीचे कलम १०अ त्याच दुरुस्तीत आले. त्यात वेगळे राहण्याची अट दोन वर्षांची लिहिली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एक वर्षाची मानली आणि पुढे कर्नाटक उच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. अर्ज दिल्यावर साधारण सहा महिने थांबून दोघांना पुन्हा कोर्टासमोर संमती सांगावी लागते.

दोन गैरसमज आपल्या भागात फार नुकसान करतात. पहिला म्हणजे स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी. चार वडीलधारी मंडळी बसतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि ‘झालं, मोकळे झालात’ म्हणतात. अशा कागदाने ख्रिस्ती विवाह मोडत नाही. उलट ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो’ असे त्यात लिहिले असेल, तर पुढे तोच कागद बाईवर उलटू शकतो, कारण परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला फौजदारी प्रक्रियेखालची पोटगी नाकारता येते. दुसरा गैरसमज धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलबद्दल आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तिथली प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या निकालाची सक्ती काढली, ही मोठी कृपा झाली. पण ट्रायब्युनलने विवाह मुळातच अवैध होता असे ठरवले, तरी सरकारच्या दप्तरी तो विवाह कायमच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे सांगितले. आपल्याच राज्यातल्या क्लॅरेन्स पायस यांची याचिका २०१७ मध्ये फेटाळली गेली, तेव्हाही तेच कायम राहिले. कोर्टाच्या निकालाशिवाय दुसरे लग्न केले, तर द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हा लागू शकतो. वेदीसमोर पुन्हा उभे राहायचे असेल तर दोन्ही निकाल हातात हवेत. ज्यांचे लग्न गोव्यात झाले आहे, त्यांनी मात्र तिथल्याच जाणकार वकिलाला विचारावे, कारण तिथला नागरी कायदा वेगळा आहे.

पोटगीच्या बाबतीत उशीर सर्वांत महाग पडतो. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १२५ जाऊन १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. बाई जिथे राहते तिथेच तिला हा अर्ज करता येतो. नवरा पुण्यात असो की मडगावला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. म्हणजे ‘अजून थोडं सहन कर, नाताळनंतर बघू’ असे म्हणत तीन वर्षे गेली, तर त्या तीन वर्षांचे पैसे सहसा हाती लागत नाहीत. हुकूम होऊनही नवरा पैसे देत नसेल, तर रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. वाट पाहायला सांगणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

‘कोर्टात गेले की घर तुटते’ असे म्हणणारे विसरतात की, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर पहिले काम सोपवले आहे ते समेटाच्या प्रयत्नाचे. दोघांपैकी एकाने मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड होते. कुजबुज कोर्टातून बाहेर पडत नाही. ती बहुधा आपल्याच पोर्चमध्ये, मिस्सा संपल्यावर होते.

मुलांच्या ताब्याचा विचार करताना आम्हाला शलमोन राजा आठवतो. दोन बायका, एक बाळ आणि राजाने मागवलेली तलवार. खरी आई कोणती? जी म्हणाली, बाळ तिला द्या, पण मारू नका. आजचा न्यायाधीशही आधी बाळाचे हित पाहतो. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचा तोच गाभा आहे, आणि मूल पुरेसे समजते असेल तर त्याचे म्हणणेही ऐकले जाते. इथे आम्हाला आयांनाही एक सांगायचे आहे. नवरा म्हणून जो वाईट वागला, तो बाप म्हणून नेहमीच वाईट असतो असे नाही. मुलाला धोका नसेल तर त्याला वडिलांना भेटू द्यावे. आणि बापांनी पोटगीचा राग मुलाच्या फीवर काढू नये. मुलाच्या हातून निरोप आणि टोमणे पाठवणे म्हणजे ती तलवार उचलणेच आहे.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. कोर्टाचे कागद बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतात, आणि मराठी शाळेत शिकलेली बाई न वाचता सही करून मोकळी होते. कागद आधी कोणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्यावा आणि मगच सही करावी. वकिलाची फी नाही म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

पॅरिशने काय करावे? फार मोठे काही नाही. विवाहाचा दाखला मागायला आलेल्या बाईला ‘कशाला हवाय?’ असे न विचारता तो द्यावा. तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर जायला दोन जाणत्या बायका ठरवाव्यात, आणि त्यातली एक कन्नड वाचणारी असावी. तोपर्यंत तिची मुले कोणीतरी सांभाळावीत. पहिल्या कम्युनियनला आई आणि वडील दोघांनाही, वेगवेगळ्या बाकांवर का होईना, बसायला जागा असावी. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने महिन्याचे तांदूळ द्यायचे ठरवले, तर त्याची वाच्यता होऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला बिशपांची खास परवानगी लागत नाही.

दृष्टान्तातल्या विधवेला एकटीनेच जावे लागले होते. आपल्या बहिणीला तसे जावे लागू नये.

हे प्रभू, मोडलेल्या घरांतल्या लेकरांना जवळ घे. जे न्यायासाठी दार ठोठावतात त्यांना धीर दे, जे न्याय देतात त्यांना शहाणपण दे आणि आम्हाला सोबत चालायला पाय दे. आमेन.