स्पाइक्स घेण्याआधी पाय बघा

पावसाळा सरत आला की शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग नाशिक विभाग. या दिवसांत माझ्या ओपीडीत ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर धावणारी मुलंही दिसू लागतात. कुणाची पोटरी धरलेली, कुणाची टाच दुखतेय, कुणाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं. गेल्या काही वर्षांत आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, कोच म्हणतात स्पाइक्स घ्या. कोणते घेऊ?"

मी काही अ‍ॅथलेटिक्सचा कोच नाही, फिजिशियन आहे. पण चुकीच्या बुटांचे आणि घाईचे परिणाम शेवटी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून या विषयावर माझं मत स्पष्ट मांडतो. मान्य करा किंवा करू नका, पण बूट घेण्याआधी एकदा वाचा.

आधी माझी एक चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी धुळ्याकडच्या एका गावातून पंधरा वर्षांची एक मुलगी आली होती. शंभर मीटर हर्डल्स करायची. वडिलांची कोरडवाहू कापसाची शेती. कापूस विकला गेल्यावर त्यांनी तिला नवे, महागडे स्पाइक्स घेऊन दिले होते. जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, त्यामुळे ती रोज सकाळ-संध्याकाळ तेच घालून सराव करत होती. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, मध्यभागी दुखत होतं. सूज जवळजवळ नव्हती. एक्स-रे स्वच्छ होता. मी म्हणालो, "मुरगळलाय, चार दिवस विश्रांती घे." आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी दुखणं दबलं. ती पळत राहिली. पाच आठवड्यांनी लंगडत परत आली तेव्हा एमआरआय केला. नॅव्हिक्युलर नावाच्या, होडीच्या आकाराच्या छोट्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. वारंवार ताण पडून हाडाला हळूहळू तडा जातो, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते सावकाश भरतं. सहा आठवडे प्लास्टर, पाय अजिबात टेकायचा नाही, आणि पूर्ववत पळायला जवळजवळ सहा महिने. वडिलांनी मला एवढंच विचारलं, "डाक्टर साहेब, बूटना पैसा वाया गयात का?"

बुटाचे पैसे वाया गेले नव्हते. वाया गेला होता तिचा मोसम, आणि त्यात माझाही वाटा होता. धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या मुलांच्या पायाच्या वरच्या भागात, मध्यावर बोटानं दाबल्यावर नेमकं दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायला हवी. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

स्पाइक्स पायाला काय करतात?

साध्या रनिंग शूजमध्ये टाचेखाली जाड उशी असते. स्प्रिंटच्या स्पाइक्समध्ये टाचेखाली जवळजवळ काहीच नसतं. चवड्याखाली कडक प्लेट असते आणि तिच्यात खिळे, म्हणजे पिन, बसवलेल्या असतात. त्यामुळे धावताना शरीर चवड्यावर राहतं, पाय जमिनीवर घसरत नाही आणि पावलाची ताकद वाया जात नाही.

पण जो धक्का आधी उशी झेलत होती, तो आता पोटरी, टाचेमागची अकिलीस शीर, तळव्याचा पडदा आणि पावलाची लहान हाडं झेलतात. हर्डल्समध्ये तर दर अडथळ्याला एका पायानं जोरात उसळी घ्यायची आणि दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उतरायचं. मुलांच्या 110 मीटरमध्ये आणि मुलींच्या 100 मीटरमध्ये अडथळे दहा. सरावात हे किती वेळा होत असेल, तुम्हीच हिशोब करा.

म्हणजे स्पाइक्स वाईट आहेत का? अजिबात नाही. लॉस एंजेलिसला 1984 च्या ऑलिंपिकमध्ये 400 मीटर हर्डल्समध्ये पी. टी. उषा यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तेजस शिरसेनं मे 2024 मध्ये फिनलंडला 110 मीटर हर्डल्स 13.41 सेकंदांत पार केली आणि 13.48 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो जुना विक्रमही मुंबईच्या सिद्धांत थिंगालयाचाच होता. फरक फक्त 0.07 सेकंदांचा. या पातळीवर पकड महत्त्वाचीच. "स्पाइक्सशिवाय पोरगं मागं पडतं" असं कोच म्हणतात, ते खोटं नाही. माझा आक्षेप बुटांना नाही. बूट आधी आणि पाय नंतर, या क्रमाला आहे.

कोणत्या वयात?

माझं मत असं, की तेरा-चौदा वर्षांच्या आत रोजच्या सरावाला स्पाइक्स नकोत. या वयात टाचेच्या हाडाची वाढीची कूर्चा अजून भरलेली नसते आणि अकिलीस शीर तिथेच ओढ घेते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांच्या टाचदुखीचं हे नेहमीचं कारण आहे. त्यांनी साध्या बुटांत धावावं, हर्डल्स शिकायच्या तर बुटक्या अडथळ्यांवर शिकाव्यात. स्पर्धेच्या दिवशी तासभर स्पाइक्स घातले तर आभाळ कोसळत नाही. पण तेही आधी सवय केल्यावर.

मैदान कोणतं, ते आधी ठरवा

बुटांची खरेदी होते सिंथेटिक ट्रॅकच्या जाहिराती बघून, आणि आपली बहुतेक मुलं पळतात मातीवर. खानदेशची काळी माती पावसात चिकट आणि उन्हाळ्यात विटेसारखी टणक. दोन्हींत पिनचं वागणं वेगळं असतं.

ओलसर, मऊ मातीत थोड्या लांब पिन, साधारण 9 ते 12 मिलिमीटर, कामी येतात. टणक वाळलेल्या मातीत मात्र लांब पिन रुततच नाही, ती उलटी बुटाच्या प्लेटवर आणि तिथून चवड्यावर दाबते. तिथे आखूड पिन लावा किंवा सराव साध्या बुटांतच करा. सिंथेटिक ट्रॅकवर 6-7 मिलिमीटर पुरे. जागतिक नियमाप्रमाणे सिंथेटिक ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतीत पिन 9 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, मातीवर 25 मिलिमीटरपर्यंत चालते, आणि एका बुटात अकरापेक्षा जास्त पिन नसाव्यात. म्हणून पिन बदलता येतील असेच बूट घ्या आणि पाना सोबत ठेवा. मातीवर सराव करून बालेवाडीला स्पर्धेला गेलेल्या मुलाला ऐनवेळी पिन बदलाव्या लागल्या, तर धावपळ होत नाही.

डांबरी रस्ता, सिमेंट किंवा फरशी यांवर स्पाइक्स घालून चालूही नका. पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीचा सराव करणाऱ्यांना हे खास सांगतो. भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण 100 मीटरला आहेत, तुमची घाई मला समजते. पण कोणते बूट चालतील याच्या सूचना आधी वाचा आणि मगच खर्च करा.

बूट निवडताना

1. पहिला जोड मऊ प्लेटचा घ्या. सर्वांत कडक प्लेटचे बूट वर्षानुवर्षं ताकद कमावलेल्या पायांसाठी असतात. शिकाऊ मुलाला वाकणारी प्लेट आणि टाचेखाली थोडी उशी असलेले, सर्व शर्यतींना चालणारे बूट बरे. हर्डल्ससाठी तर टाचेखालची पातळ उशी आणि टाच घट्ट धरणारा मागचा भाग हवाच.

2. संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पाय मापा. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरा.

3. "वाढत्या पायाचा" बूट घेऊ नका. शाळेच्या बुटांना ही काटकसर चालते, इथे नाही. सैल बुटात टाच सरकते, फोड येतात आणि पिन चवड्याखाली न राहता पुढे जातात. बूट मोज्यासारखा बसावा, पण बोटं मुडपू नयेत.

4. रुंदी बघा. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या मुलांचा चवडा बऱ्याचदा रुंद असतो आणि परदेशी मापाचे स्पाइक्स अरुंद. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये हेप्टाथलॉनचं सुवर्ण जिंकणाऱ्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. साध्या मापाच्या बुटांत तिला किती त्रास होत होता, हे त्या पदकानंतर देशाला कळलं. तुमच्या मुलाला पाच बोटं असली तरी ती बुटात मावली पाहिजेत.

5. महाग म्हणजे चांगलं नव्हे. देशात बनलेले साधे स्पाइक्स शाळकरी मुलाला पुरेसे असतात. उरलेल्या पैशांचं काय करायचं, ते पुढे सांगतो.

सीनियर मुलाचे जुने बूट ज्युनियरला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परिस्थिती बघता मी तिला नावं ठेवणार नाही. माप नेमकं जुळत असेल, प्लेट वाकलेली नसेल, बूट आतून नीट पुसून वाळवले असतील आणि पिन नव्या असतील तर द्या. पण एकच जोड चार मुलांनी एका दिवसात फिरवून घालू नये. बोटांमधली बुरशी अशीच पसरते.

सवय कशी लावायची?

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोनच दिवस, नीट वॉर्मअप झाल्यावर 30-40 मीटरच्या चार-पाच धावा. बाकी सगळा सराव साध्या बुटांत. मग हळूहळू वाढवा. हर्डल्स स्पाइक्सवर घ्यायच्या त्या साधारण चौथ्या आठवड्यापासून. रोज एका पायावर उभं राहून चवड्यावर वर-खाली होण्याचा व्यायाम करा, सावकाश. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असेल तर नवे बूट पेटीत ठेवा आणि जुन्यांतच पळा.

पिन लागली तर

हर्डल्समध्ये स्वतःचीच पिन दुसऱ्या पायाला लागते, गर्दीत दुसऱ्याचीही लागते. हळद किंवा माती भरू नका. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जखम धुवा. मैदानावरची जखम मळलेली समजायची. धनुर्वाताचा शेवटचा डोस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर इंजेक्शन घ्या. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस मिळते, तिची नोंद घरी ठेवा. खिळा तळव्यात बुटातून खोल घुसला असेल तर जखम बारीक दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. दोन-चार दिवसांनी दुखणं किंवा सूज वाढली तर आतला जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो.

उरलेले पैसे

त्या मुलीकडे पुन्हा येतो. एमआरआयनंतर मी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9. या वयाच्या मुलीला किमान 12 हवं. पाळी चार महिने आलेली नव्हती. घरी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि मीही पहिल्या भेटीत विचारलं नव्हतं. दोन वेळच्या सरावाला पुरेल इतकं खाणं पोटात जात नसलं, की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडांची डागडुजी. अशा हाडांवर कोणतेही स्पाइक्स चढवले, तरी तडा जाण्याचा धोका मोठाच.

म्हणून माझा आग्रह असा, की बुटांच्या दुकानात जाण्याआधी मुलाचं हिमोग्लोबिन करून घ्या. मुलीची पाळी तीन महिने चुकली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. वाचलेल्या पैशांत शेंगदाणे, गूळ, डाळी, दूध, अंडी आणि आपल्या जळगावची केळी आणा. सरावानंतर तासाभरात मुलाच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

आणि कोच मंडळींना एक विनंती. मूल "दुखतंय" म्हणालं की "सहन कर" म्हणू नका. एकाच जागी बोट ठेवून ते दुखणं दाखवत असेल, दिवसेंदिवस ते वाढत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर त्याला त्याच दिवशी थांबवा आणि तपासायला पाठवा. आम्हा डॉक्टरांनीही अशा मुलाला नुसती गोळी देऊन परत पाठवू नये.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा धावली. बूट तेच होते, वडिलांनी जपून ठेवलेले. पण यावेळी ती आधी आठ महिने डबा नीट खात होती.