थपडेचें फळ

'पहावयाचें तर पहा, नाहीं तर डोळे मिटा. पण मत देऊं नका,' असा हुकूम अलीकडे आम्हां साध्या प्रेक्षकांस वारंवार ऐकावा लागतो. हाणामारीचे बोलपट आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांविषयीं बोलण्याचा अधिकार कोणास? तर ज्यांनीं चित्रपटकलेचा रीतसर अभ्यास केला आहे त्यांस. आम्ही बापडे जेवणाचें ताट पुढें घेऊन बसणारे, दाराची घंटा वाजली कीं मध्येंच उठणारे; आमच्या मताची किंमत ती काय! परंतु या मालिका लिहिल्या जातात त्या ताट पुढें घेऊन बसलेल्यांसाठींच. पंक्तींत ज्याच्या पानांत पदार्थ पडला, त्यानें तो खारट आहे एवढें म्हणावयास पाकशास्त्राची परीक्षा द्यावी लागत नाहीं.

हाणामारी पाहून नाक मुरडणारांत आमची गणना करूं नये, एवढी विनंती आहे. गाड्या हवेंत उडूं लागल्या कीं आम्हीही पुढें सरकून बसतों. भीमानें कीचकास लोळविलें तेव्हां आमच्या पणज्यांनीं नाटकगृहांत टाळ्या पिटल्या, आणि २०११ सालीं 'सिंघम' पाहतांना आम्हीं पिटल्या. वंशपरंपरेनें चालत आलेल्या या आवडीची लाज वाटण्याचें कारण नाहीं. आमची तक्रार रक्ताविषयीं नाहीं, ती एका असत्याविषयीं आहे. मार दिला कीं खरें बाहेर येतें, हें तें असत्य.

'सी. आय. डी.' ही मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत, दीड हजारांहून अधिक भाग, घराघरांत चालली. शिवाजी साटम यांचे प्रद्युमन आम्हांला घरच्या माणसासारखे वाटत आले आहेत. दयानें दार फोडलें नाहीं तर मुलें हिरमुसलीं होतात. आतां तिचा शेवट बहुधा कसा होतो तें आठवावें. संशयित मनुष्य मान हलवितो, 'मी कांहीं केलें नाहीं' म्हणतो. त्याच्या गालावर एक थप्पड बसते. आणि दुसऱ्या क्षणीं तो साऱ्या खुनाची हकीकत, वेळकाळासह, शाळेंत पाठ म्हणावा तशी म्हणूं लागतो. थप्पड कधीं चुकत नाहीं. डॉक्टरांचें औषध चुकतें, ज्योतिषाचें भविष्य चुकतें, पण ही थप्पड नाहीं!

गंमत अशी कीं, थपडेचा हा गुण इंग्रज सरकारास ठाऊक नव्हता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत पंचविसावें कलम आहे: पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं. आपल्या हाताखालचे पोलीस कबुली कशी मिळवितात, हें परक्या राज्यकर्त्यांसही पुरतें कळलें होतें. तो कायदा गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यांतही तेविसाव्या कलमांत तोच निर्बंध कायम आहे. म्हणजे प्रद्युमनांपुढें घडाघडा बोललेल्या त्या साऱ्या खुन्यांची नुसती कबुली न्यायालयांत कवडीमोल ठरली असती. मालिका मात्र तेथेंच संपते.

मराठी पोलिसाचें याहून वेगळें चित्र पडद्यावर कधीं आलेंच नाहीं, असें नव्हे. श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनीं पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनीं १९८३ सालीं 'अर्धसत्य' काढला. त्यांतला अनंत वेलणकर कोठडींत एका क्षुद्र चोरट्याला मारतो, आणि तो चोरटा मरतो. त्या मारांतून सत्य बाहेर येत नाहीं. बाहेर येतो तो वेलणकराचा स्वतःचा अपमान, दारू आणि भीति. शेवटीं तो रामा शेट्टीचा गळा आवळतो खरा, पण तेथून उठून स्वतःस पोलिसांच्या स्वाधीन करतो. अठ्ठावीस वर्षांनीं बाजीराव सिंघम आला. तेथें पोलीसदलाच्या संमतीनें पुढाऱ्याचा वध होतो, ती आत्महत्या ठरते आणि प्रेक्षागृह दुमदुमतें. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं याच शेवटाकडे बोट दाखविलें आणि असे बोलपट घातक संदेश देतात असें म्हटलें. दोघेही पोलीस खून करतात; एक खुनाचा हिशेब देतो, दुसऱ्यास तो मागणारा कोणी उरत नाहीं.

'अहो, ही निव्वळ करमणूक. पडदा आणि जग यांतला भेद लोकांस कळतो,' हें उत्तर आम्हांस तोंडपाठ झालें आहे. अमेरिकेंत २००१ सालीं '२४' नांवाची मालिका सुरू झाली. तिचा नायक जॅक बावर वेळ थोडा आहे म्हणून कैद्यांचा छळ करी, आणि कैदी बहुधा बोलत. (हिचा हिंदी अवतार २०१३ सालीं अनिल कपूर यांनीं आपल्याकडे आणला, दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे आपल्या रमेश-सीमा देवांचे चिरंजीव.) २००६ च्या नोव्हेंबरांत ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन हे मूळ मालिकेच्या कर्त्यांस भेटावयास कॅलिफोर्नियास गेले. ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचे डीन. आपल्या छात्रांच्या मनावर या मालिकेचा परिणाम होतो, म्हणून छळ दाखविणें थांबवा, असें त्यांचें मागणें होतें. सैनिकी शिस्तींत वाढणाऱ्या तरुणांस भेद कळण्याची पंचाईत पडली, आणि आम्हांस तो ताटावर बसून कळतो!

हैदराबादेजवळ ६ डिसेंबर २०१९ रोजीं एका भयंकर गुन्ह्यांतले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनीं मेले. लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. न्यायमूर्ति सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ सालीं बाहेर आला. ठार मारण्याच्या हेतूनेंच गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. न्यायालयांत वर्षानुवर्षें तारखा पडतात, लोकांचा धीर सुटतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. ती व्यथा खरी आहे. म्हणूनच तिच्यावर खोटें औषध विकणें अधिक वाईट.

आतां घरची गोष्ट सांगतों. आमच्या घरांत लग्नाच्या गडबडींत सोन्याची एक पाटली नाहींशी झाली. संशय अर्थातच भांडीं घासणाऱ्या बाईंवर गेला. 'दोन थोबाडींत बसल्या म्हणजे बोलेल,' हें वाक्य आमच्याच तोंडचें. कोठून शिकलों तें सांगावयास नको. बाईंनीं दुसऱ्या दिवशीं कबूल केलें, पाटली विकली म्हणून सांगितलें, एका सराफाचें नांवही दिलें. सराफानें त्यांस कधीं पाहिलें नव्हतें. आठ दिवसांनीं पाटली शालूच्या घडींत सांपडली. आम्ही माफी मागावयास त्यांच्या घरीं गेलों आणि मग घेतली असें कां सांगितलें, असें विचारलें. 'नाहीं म्हटलं कीं मारत होते. हो म्हटल्यावर थांबले,' एवढेंच त्या म्हणाल्या. कामावर त्या पुन्हा आल्या नाहींत.

छळाचें फळ उलटें निघालें असा एखादा भाग तुम्हीं करावा, असेंही फिनेगन यांचें म्हणणें होतें. तेंच मागणें आम्ही आपल्या मालिकाकारांपुढें ठेवतों. 'सी. आय. डी.' डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हा अवतरली. दीड हजार भाग थपडेला दिले, एक आम्हांला द्या. दयानें थप्पड लगवावी, समोरच्यानें सारें कबूल करावें, आणि जाहिराती संपल्यावर खुनी दुसराच निघावा. तेवढा भाग आम्ही ताट बाजूला ठेवून पाहूं.