जोता झाला, स्लॅब झाला, नाव कधी?

घरकुलाचे काम कुठवर आले, असे गडचांदूरच्या आसपासच्या कोणत्याही गावात विचारा, उत्तर ठरलेले असते. जोता झाला. चौकट बसली. लिंटलपर्यंत आले. स्लॅब पडायचा आहे. पंतप्रधान आवास योजना 2016 मध्ये ग्रामीण भागात आली तेव्हापासून सरकारही याच भाषेत बोलते. एकेका टप्प्याचा फोटो मोबाईलवरून चढवायचा, मग पुढचा हप्ता. सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी 1 लाख 30 हजार असा हिशेब तेव्हा ठरला. फोटोत जोता दिसतो, भिंत दिसते, भिंतीपुढे उभा असलेला घरमालक दिसतो. घर कोणाच्या नावावर चढले, ते मात्र कोणत्याही टप्प्यात कोणी विचारत नाही.

कोरपना तालुक्यातल्या एका गावातले असेच एक घर मी पायापासून पाहिले. मंजुरी सुनेच्या नावाने होती. पाया खणायला तीच, माती उचलायला तीच. रेती, गिट्टी उतरली की घमेल्याने आत टाकायला ती आणि तिची नणंद. मिस्त्रीचा चहा आणि दुपारची भाकर वेगळीच. पण खरे काम तराईचे. जोत्याला पाणी, विटांच्या भिंतीला पाणी, स्लॅब पडला की त्यावर आळी करून दिवसचे दिवस पाणी. हातपंप दूर, आणि काम निघाले एप्रिलात. चंद्रपूर जिल्ह्यातला एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. सिमेंट घट्ट होते ते पाण्यावर, आणि हे पाणी बाईच्या डोक्यावरून येते. मिस्त्रीची मजुरी हिशेबाच्या वहीत आहे. हिच्या फेऱ्या कोणत्या वहीत आहेत? रोजगार हमीतून घरकुलासाठी 90 ते 95 दिवसांची अकुशल मजुरी देण्याची तरतूद याच योजनेत होती. त्या हजेरीपत्रकावर नाव होते नवऱ्याचे. पैसे कमी पडले तेव्हा बचत गटाचे कर्ज तिने उचलले, कानातले गहाण ठेवले. सिमेंटचे कारखाने असलेल्या या पट्ट्यात सिमेंटची पोती तिने किरकोळ भावानेच आणली, हे जाता जाता सांगते.

घर मात्र सासऱ्यांच्या जागेवर उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर सासऱ्यांचेच नाव आहे.

"पानी मीच आनलं, मातीबी मीच टाकली, अन् कागदावर मामाजीचं नाव हाये जी ताई," असे ती मला म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, माहिती द्यावी तशी.

मैत्रिणींनो, आपली फसगत होते ती इथेच. योजनेचा नियम बाईच्या बाजूचा आहे. इंदिरा आवासच्या काळापासून घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचे, असे सरकार सांगत आले. त्यामुळे लाभार्थ्यांच्या यादीत बायकांची नावे असतात आणि भाषणात त्यांचा आकडा वाचला जातो. आपणही टाळ्या वाजवतो. पण यादी म्हणजे मालकी नव्हे. मंजुरीचा आदेश बाईचा, जागा नवऱ्याची किंवा सासऱ्याची. भांडण झाले की घर जागेच्या मागे जाते आणि बाई माहेरच्या वाटेला लागते. नमुना 8 सुद्धा मुळात कर आकारणीची नोंद. मालकीचा तो शेवटचा शब्द नाही. मग तेवढ्या नोंदीवरही तिचे नाव का असू नये?

"नावाने काय होते, घर तर तिचेच आहे," असे सांगणारे पुरुष भेटतात आणि बायकाही भेटतात. नावाने काहीच होत नसेल तर ते घालायला एवढी खळखळ कशाला? दुसरे उत्तर वकील मंडळींकडून येते: 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे ना. आहे. सामायिक घरात राहण्याचा हक्क तो देतो, आणि घर सासरच्या नातेवाइकांचे असले तरी तो हक्क मागता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पण राहू देणे वेगळे आणि मालकी वेगळी. आसऱ्यासाठी प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी चढायची, तर हिने पाणी कशासाठी वाहिले?

आपल्या भागात आणखी एक गाठ आहे. गोंड, कोलाम बायकांना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे 2005 ची दुरुस्ती मुलींना जे देऊन गेली ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. तोवर किती जणी गेल्या. याउलट 2006 चा वनहक्क कायदा पाहा. विवाहितांचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावेच निघेल, असे कलम 4(4) सांगते. म्हणजे जंगलातल्या शेताला जे जमते, ते गावठाणातल्या घराला जमत नाही!

शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांकडून जमिनीचे तुकडे बायकांच्या नावे करवून घेतले. त्या मोहिमेबद्दल आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण त्यांनी उताऱ्याला हात घातला, आपण मेळाव्यांतच अडकलो.

आपल्यातल्या काही जणींचे म्हणणे असे की दोघांची नावे चढेपर्यंत हप्ता अडवावा. मला हे पटत नाही. लिंटलवर हप्ता अडला तर पावसात ताडपत्रीखाली भिजणार ती बाईच. अट घालायची तर पहिल्या हप्त्याआधी घाला, घरच्यांना घर हवे असते तेव्हा. जागा नवऱ्याची असेल तर बक्षीसपत्राचा रस्ता आहे. राहते घर बायकोला देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते, बाकीचे आकार वेगळे. जागा सासऱ्यांची असेल तर त्यांची संमती मंजुरीच्या वेळीच लेखी घ्या. आणि 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ज्यांची नावे आज चढतील ती पुढच्या पिढीलाही पुरतील. मोजणीच्या चौकशीला गटातल्या बायका हजर राहिल्या पाहिजेत. पुरुष सांगतील आणि कर्मचारी लिहून घेईल, असे चालणार नाही.

त्या सुनेने नमुना 8 वर नाव लावण्याचा अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, ती आम्ही जपून ठेवली आहे. सासऱ्यांची संमतीची सही अजून झालेली नाही. शेवटचा हप्ता जमा झाला.