खाडीचे धुके कुणाच्या खात्यात?

डिसेंबर लागला की तांडेलांच्या तक्रारी ठरलेल्या. सागरी वार्तापत्र म्हणते दृश्यता चांगली, आणि पहाटे दाभोळच्या खाडीत नाळेवर उभ्या खलाशाला समोरची बोट दिसत नाही.

वार्तापत्र खोटे नसते. ते खुल्या समुद्रापुरते असते. जानेवारीतही रत्नागिरीसमोरचे पाणी २६ अंशांच्या वर असते आणि हवेचा दवबिंदू त्याच्या बराच खाली. न्यूफाउंडलंडसमोर लॅब्रॅडॉरच्या थंड प्रवाहावर दमट हवा सरकून धुके धरते, तसे इथे धरायला वावच नाही. कोकणातले धुके जमिनीवर जन्मते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री वाशिष्ठीचे खोरे गारठते आणि पहाटेचा मतलई वारा ते धुके खाडीत लोटतो. जिल्ह्याचा अंदाज जमिनीचा, सागरी अंदाज समुद्राचा. खाडी दोन्हींत नाही! विचारायला जावे, तर एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे पाठवते.

चीड याची येते की लागणारे आकडे रोज नोंदले जातात. संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणात तापमान असते, आर्द्रता असते. वार्तापत्रात दवबिंदूचा एक रकाना वाढवायला कोणते नवे यंत्र लागणार आहे?

तोवर हिशेब स्वतःच करावा. आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा दर ५ टक्क्यांनी कमी, तर दवबिंदू तापमानापेक्षा सुमारे १ अंशाने खाली. हा ठोकताळा ५० टक्क्यांच्या वरच चालतो. चिपळूणला संध्याकाळी २८ अंश आणि ६० टक्के असतील, तर दवबिंदू २० च्या आसपास. पहाटेचे किमान १७ सांगितले असेल, आकाश मोकळे आणि वारा पडलेला असेल, तर धुके धरूनच चालावे. ढग आले किंवा वारा सुटला की हा हिशेब गेला.

पण नौकामालकांचे काय? हॉर्न महिनोन्‌महिने बंद, आणि दोष मात्र हवामानाला! धुक्यात मासेमारी करणाऱ्या नौकेने एक लांब व दोन आखूड भोंगे द्यायचे असतात, फार तर २ मिनिटांच्या अंतराने. १२ मीटरपेक्षा लहान होडीलाही आवाजाचे काही साधन लागतेच. ते आजच दुरुस्त करून घ्या.

आणि मच्छीमार संस्थांनो, जेटीवर ओला-कोरडा तापमापक लावा. संध्याकाळी सहा आणि पहाटे पाचचे आकडे, धुके किती वाजता आले, कधी विरले, एवढे वहीत लिहा. मार्चअखेर त्या वह्यांच्या प्रती मासिकाकडे पाठवा. रकाना मागायला जाताना त्या खात्याच्या टेबलावर ठेवता येतील.