कमाल कुठे असते?

मराठीत 'कमाल' हा शब्द दोन कामे करतो. कुणी काही अचाट केले की आपण म्हणतो, "कमाल झाली!" आणि उन्हाळ्यात आकाशवाणी सांगते, "अकोल्याचे कमाल तापमान चव्वेचाळीस अंश." पहिली कमाल पाहून थक्क व्हावे, दुसरी मात्र शोधावी लागते.

अकोला-अमरावतीकडचा वैशाख ज्याने भोगला आहे, त्याला ठाऊक आहे की सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या आतबाहेर, पण अंगाची लाही होते ती तीन-चारच्या सुमारास. असे का? माध्यान्ह टळली तरी उष्णतेची मिळकत खर्चाहून अधिकच असते, म्हणून पारा चढतच राहतो. मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली की तो क्षणभर थांबतो आणि मग उतरू लागतो. तो थांबला, तीच कमाल. कलनशास्त्राचा नियम हाच: जिथे वाढीचा वेग शून्य होतो, तिथे शिखर शोधावे. अर्थात पहाटे पारा तळाशी थांबतो तेव्हाही वेग शून्यच असतो. म्हणून आधी तो चढत होता की उतरत होता, हेही पाहावे लागते.

न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात याचे शास्त्र बांधले. पण इ. स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी ग्रहगतीविषयी हे मर्म सांगून ठेवले आहे. ग्रहाच्या मध्यम स्थानाला जी दुरुस्ती करावयाची, तिला ते 'फल' म्हणत. हे फल जिथे सर्वांत मोठे, तिथे गतीचे फल शून्य.

आता आकाशातून शेतात येऊ. हिशेबापुरते समजा, एकरी क्ष पोती खत घातले तर कापूस होतो ४०० + ६०क्ष − १०क्ष² किलो. वाढीचा वेग ६० − २०क्ष. तो शून्य होतो तीन पोत्यांना, आणि कापूस होतो ४९० किलो. पिकाची कमाल झाली!

पण वाचकहो, पोते फुकट येत नाही. एका पोत्याची किंमत वीस किलो कापसाएवढी धरा. दोन पोत्यांना ४८० किलो पिकतो. खर्च वजा जाता ४४० उरतात. तीन पोत्यांना उरतात ४३०. तिसऱ्या पोत्याने दहा किलो दिले आणि वीस किलो नेले. म्हणजे नफ्याचे शिखर पिकाच्या शिखराच्या अलीकडे आहे. वाढीचा वेग पोत्याच्या किमतीएवढा उरला की तिथेच हात आखडावा.

"शेजाऱ्यानं तीन टाकले, मी काऊन कमी टाकू?" हा प्रश्न वऱ्हाडात बांधाबांधावर ऐकू येतो. त्याचे उत्तर शेजाऱ्याच्या ढिगात सापडत नाही. शिवाय आपली कपाशी बहुतांशी पावसाच्या भरवशावर. पाऊस दगा देतो तेव्हा शिखर आणखी अलीकडे सरकते. म्हणून १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि आपल्या मातीची तपासणी, या दोहोंना धरून पोती मोजावीत. तिसरे पोते पुष्कळदा उधारीवर येते. पीक डोळ्यांना हिरवेगार दिसते, आणि कर्ज मात्र वहीतच वाढत राहते.